इर्ना फिलिप्स: गोष्ट तिची की रेडिओ स्टेशनची?

पाटीवरची_रेघ

मी पोटापाण्यासाठी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. कुठल्या, ते विचारू नका. मागच्याच आठवड्यात इथे दुसऱ्या धाग्यावर तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यातल्या एका सुनेची धुलाई केली आहे आणि मी ती मुकाट वाचली आहे.

गेल्या महिन्यात एका निर्मात्याचं करारपत्र सहीला आलं. नेहमीचंच. कल्पना, पात्रं, संवाद, आज असलेली आणि उद्या निघतील ती सगळी माध्यमं, सगळं त्यांचं, कायमचं. असल्या दहा तरी कागदांवर मी शेवटचं पान उघडून थेट सही केलेली आहे. या वेळी पेन अडलं. अडायला कारण इर्ना फिलिप्स.

शिकागोची बाई, जन्म १९०१. दहा भावंडांत शेंडेफळ. वडिलांचं किराणा दुकान होतं, ही आठ वर्षांची असताना ते गेले. नटी व्हायचं होतं, पण तुझा चेहरा रंगभूमीचा नाही असं विद्यापीठात सुनावलं गेलं. मग ओहायोतल्या डेटनला मास्तरकी. पुढे शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओ स्टेशनवर आवाजाची कामं मिळवली आणि १९३० मध्ये तिला सांगण्यात आलं की बायकांसाठी रोज पंधरा मिनिटांचं काहीतरी लिही. २० ऑक्टोबर १९३० ला 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झालं. एक आयरिश आई, मदर मोयनिहान, आणि तिच्या घरातल्या तरण्या पोरी. लिहायची इर्ना, आईचा आवाजही तिचाच. दिवसा, रोज, बायकांसाठी चालणारी रेडिओ मालिका म्हणतात ती इथून सुरू झाली.

दोन वर्षांनी ती म्हणाली, ही मालिका राष्ट्रीय नेटवर्कला विकू या. स्टेशन म्हणालं, विकायला ती तुझी आहे कुठे? तू पगारी नोकर. बाईने दावा लावला. तो रखडत गेला आणि १९४० मध्ये अपिलातही निकाल विरुद्ध गेला.

पण निकालाची वाट बघत ती बसली नव्हती. तिने स्टेशन सोडलं आणि 'टुडेज चिल्ड्रन' नावाची नवी मालिका एनबीसी या राष्ट्रीय नेटवर्ककडे नेली. त्यातही एक आयरिश आई. मदर मोयनिहानची झाली मदर मोरन. आणि त्यानंतर मात्र तिने कानाला खडा लावला: मालिका स्वतःच्या मालकीची ठेवायची, आपण तयार करायची आणि प्रायोजकाला विकायची.

तर प्रश्न असा. तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? सही करून पगार घेत राहिला असतात, भांडला असतात, की आडनाव बदलून पलीकडच्या गल्लीत तेच दुकान थाटलं असतंत?

आणि एक उपप्रश्न. रोजची पंधरा-वीस मिनिटं भरून काढायची, याला लेखन म्हणायचं का? माझी आई म्हणत नाही.

टिंगलटवाळ

मोयनिहानची मोरन! आपल्याकडे लीप घेऊन नटी बदलतात, बाईंनी नुसतं आडनाव बदललं. प्रॉडक्शनचा केवढा खर्च वाचला.

दुपारची_झोप

म्हणजे माझ्या सासूबाई एक ते तीन फोन उचलत नाहीत त्याला मूळ कारण ही शिकागोची बाई. आभार मानायला पत्ता मिळेल का?

खवट_काका

उपप्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. लेखन म्हणजे ज्याला शेवट असतो ते. शेवट कुठे करायचा हे ज्याला ठरवता येत नाही तो लेखक नव्हे, नळ आहे. बायकांना दुपारी रडवायचं आणि मध्येच साबणाची वडी पुढे करायची, हा धंदा. धंदा वाईट असं मी म्हणत नाही, माझंही दुकान होतं. पण मी कधी पुड्या बांधण्याला साहित्य म्हटलं नाही.

मुख्य प्रश्नाला: पगार घेतला ना? मग माल मालकाचा.

पाटीवरची_रेघ

काका, एक दुरुस्ती. पहिला प्रायोजक साबणवाला नव्हताच. 'पेंटेड ड्रीम्स'ला सुरुवातीला जाहिरातदारच मिळेना. दुपारी कोण ऐकतं, अशीच सगळ्यांची समजूत होती, आणि दिवसाच्या वेळेचा भावही रात्रीच्या मानाने निम्म्याला होता. सुमारे वर्षभराने मिकलबेरी नावाची शिकागोचीच मांस आणि सॉसेज विकणारी कंपनी पुढे आली. साबणवाले नंतर आले आणि त्यांनी नावच पळवलं, 'सोप ऑपेरा'.

टिंगलटवाळ

सॉसेज ऑपेरा. मालिकांच्या लांबीला हेच नाव शोभलं असतं.

न्यूजर्सीकर_वहिनी

अगं रेघे, हा धागा काढून तू मला आमच्या जुन्या शेजारीणबाईंची आठवण करून दिलीस. सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे सरका.

आम्ही इथे आलो तेव्हा समोर एक आजी राहायच्या, निवृत्त नर्स. इर्नाची 'गाइडिंग लाइट' ही मालिका त्या घराण्यात चालत आलेली होती, आपल्याकडे एखाद्या घरात वारी असते तशी. त्यांची आई रेडिओवर ऐकायची. आजी सांगायच्या, आई उभ्याने इस्त्री करायची आणि मी इस्त्रीच्या टेबलाखाली बसायचे. वरून कांजीचा वास यायचा. ऑर्गन वाजला की आईचा हात थांबायचा, आणि एकदा वडिलांच्या शर्टाच्या कॉलरवर तांबूस त्रिकोण उमटला तो त्या ऑर्गनमुळेच. पुढे आजी स्वतः ड्यूटीवर जायला लागल्या तेव्हा व्हिडिओ कॅसेटवर भाग टेप करून ठेवायच्या, रात्री पाय कोमट पाण्यात सोडून बघायच्या.

ही मालिका २५ जानेवारी १९३७ ला एनबीसी रेडिओवर सुरू झाली. शिकागोजवळच्या फाइव्ह पॉइंट्स नावाच्या काल्पनिक वस्तीतला एक पाद्री, डॉक्टर रुथलेज. त्याच्या खिडकीत एक दिवा कायम तेवत असतो, अडल्यानडल्याला दिसावा म्हणून. नाव त्यावरून. यामागचा तिचा स्वतःचा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा गप्प झाले होते. एकोणिसाव्या वर्षी, लग्न झालेलं नसताना, तिला मूल झालं ते मृत. त्या काळात तिला आधार मिळाला तो प्रेस्टन ब्रॅडली नावाच्या शिकागोच्या धर्मोपदेशकाची प्रवचनं ऐकून. लोक साबण-साबण म्हणतात, त्या दिव्याचं तेल हे होतं.

१९५२ मध्ये मालिका टीव्हीवर आली, काही वर्षं रेडिओ आणि टीव्ही दोन्हीकडे चालली, आणि १८ सप्टेंबर २००९ ला संपली. बहात्तर वर्षं! त्या दिवशी आजी लिंबाचा केक घेऊन आमच्याकडे आल्या. काय साजरं करताय विचारलं तर म्हणाल्या, साजरं नाही, घरात एकटीने बघवेना. मी त्यांना चहा दिला आणि आम्ही दोघींनी तो शेवटचा भाग बघितला. मला त्यातलं एकही पात्र ठाऊक नव्हतं, तरी मीही डोळे पुसले. केक मात्र तेराव्याच्या लाडवासारखा घशाखाली उतरेना.

दुपारची_झोप

वहिनी, तो कॉलरवरचा त्रिकोण!

खवट_काका

बहात्तर वर्षं. आणि मी म्हणे नळ म्हणालो तर चूक. हे धरण आहे.

जुना_मर्फी

काकांशी अर्धा सहमत, अर्धा नाही. आमच्या घरी मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तापायला वेळ लागायचा, मग तो हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा आणि स्टेशन लागायचं. वर आईने क्रोशाने विणलेला रुमाल. दुपारी आकाशवाणी मुंबईचं 'वनिता मंडळ' म्हणजे चाळीतल्या निम्म्या बायका आमच्या उंबऱ्यात, कुणाच्या मांडीवर सूप, कुणाच्या पुढ्यात मटार.

आणि 'पुन्हा प्रपंच' विसरलात काय लोकहो? बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. आमच्या शेजारी टेकाडे भावजींसारखे बोलणारे एक काका खरोखरच होते. भावजींनी त्यांची नक्कल केली की त्यांनी भावजींची, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मुद्दा. नुसत्या आवाजाची गोष्ट लिहिणं अवघड काम आहे. ऐकणारीचे हात कामात, कुकरची शिट्टी मध्येच, पोरगं रडतंय. कोण कुणाशी बोलतंय हे तिला दिसत नाही. म्हणून पात्रं एकमेकांना सारखी नावाने हाक मारतात, "काय हो पंत", "ऐकलंत का वहिनी". शाळेत असताना ते मला बावळटपणाचं वाटायचं. त्यात कारागिरी होती हे नंतर कळलं.

खवट_काका

मर्फीराव, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. 'पुन्हा प्रपंच' त्या दिवशी सुरू व्हायचं आणि त्या दिवशी संपायचं. वहिनी दाराशी उभ्या, दारावर टकटक, आता उद्या ऐका, असं पंतांनी कधी केलं नाही. मीही ऐकायचो. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं तरी ऐकायचो, कारण ठाऊक असायचं की थोड्या वेळात सोडतील.

पाटीवरची_रेघ

काका, हा मुद्दा मान्य. ते वेगळं काम आणि हे वेगळं.

मर्फीदादांनी म्हटलेल्या कारागिरीवर थोडं. इर्ना लिहीत नसे, बोलत असे. खोलीत येरझाऱ्या घालत सगळ्या पात्रांचे संवाद आपणच आवाज बदलून म्हणायची आणि सेक्रेटरी टाइप करत जायची. चाळिशीच्या दशकात तिच्या पाच मालिका एकाच वेळी चालू होत्या आणि वर्षाला वीस लाखांच्या घरात शब्द होत होते. मी दिवसाला दोन भाग लिहिते तेव्हा रात्री घरच्यांशीसुद्धा पॉज घेऊन बोलते. त्या बाईचं काय होत असेल?

तिची संथ चाल लोकांना हास्यास्पद वाटते. पण तिचा हिशेब सोपा होता. पंधरा मिनिटांत जाहिराती आणि निवेदन वजा जाता हातात उरतात बारा. ऐकणारी कधीकधी दोन दिवस ऐकणार नाही, पाहुणे येतील, पोर आजारी पडेल. ती तिसऱ्या दिवशी परत आली तर तिला धागा सापडला पाहिजे. म्हणून गोष्ट पुढे सरकायची ती गोगलगायीसारखी, आणि कालचं आज कुणीतरी कुणाला तरी पुन्हा सांगायचं. आमच्याकडे क्रिएटिव्हच्या मीटिंगमध्ये याला 'रिकॅप डायलॉग' म्हणतात आणि तो लिहिताना मला अजून लाज वाटते. तिला वाटत नसावी.

तपशीलबंबू

लेख छान, पण इर्नाला एकटीला 'जननी' वगैरे करू नका. त्याच काळात फ्रँक आणि अ‍ॅन हमर्ट हे जोडपं होतं. 'मा पर्किन्स' त्यांची, १९३३ ची, ऑक्सिडॉल साबण-पावडरीच्या जोरावर चाललेली. काकांना हवा असलेला खरा कारखाना तिथे होता: कथानकाची रूपरेषा हे दोघं ठरवणार, आणि पगारावरचे लेखक ती संवादांनी भरणार. इर्नालाही पुढे मदतनीस लागले, पण गोष्ट तिच्या तोंडून निघत असे. आणि हमर्टांकडे गावातली भली बाई, गरिबाची श्रीमंताशी गाठ, असला मसाला. इर्नाने डॉक्टर, नर्स, वकील, पाद्री आणले. 'रोड ऑफ लाइफ' १९३७, 'वुमन इन व्हाइट' १९३८. आज प्रत्येक मालिकेत आयसीयूची काच असते आणि त्या काचेला हात लावून कुणीतरी उभं असतं, त्याचं खापर फोडायचं तर तिच्यावर फोडा.

नाडीपरीक्षा

वैद्यकीय अवांतर. १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे लुई बर्ग नावाचे मनोविकारतज्ज्ञ म्हणाले की या मालिका ऐकून बायकांचं हृदय धडधडतं, रक्तदाब वाढतो, झोप उडते, आणखी काय काय. पुरावा? महाशयांनी स्वतः मालिका ऐकल्या आणि स्वतःचाच रक्तदाब मोजला. रुग्णसंख्या एक. त्यात इर्नाच्या मालिकाही होत्या. वर्तमानपत्रांनी ते चवीने छापलं.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी मालिकेच्या वेळेनंतरची अपॉइंटमेंट घेतात आणि त्यांचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला असतो. हीसुद्धा रुग्णसंख्या एकच.

टिंगलटवाळ

बर्गसाहेबांना आमच्याकडच्या शुक्रवारच्या महाएपिसोडला बसवा.

केबलची_तार

आमच्या पिढीचा इर्नाशी संबंध वेगळाच. नव्वदच्या दशकात केबल आली आणि स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' लागलं. आई आणि वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू ते बघायच्या, टीव्हीचा आवाज इतका लहान करून की मला वाटायचं मुकी मालिका आहे. मी क्लासहून आलो की पटकन दूरदर्शन. एकदा उशीर झाला आणि मी जोशीकाकूंना म्हणताना ऐकलं, "तो रिज पुन्हा त्या ब्रुककडे गेला गं, मेल्याला लाज नाही." आईचं मत वेगळं होतं. तिला एकच प्रश्न पडायचा, या घरात भाजी कोण चिरतं?

तर ते लिहिणारा विल्यम बेल हा इर्नाच्या हाताखाली तयार झालेला. तिच्याच मालिका लिहून शिकला, मग आधी १९७३ मध्ये 'द यंग अँड द रेस्टलेस' आणि १९८७ मध्ये हे. म्हणजे जोशीकाकू या गुरुपरंपरेने इर्नाच्या नातसून लागतात.

तपशीलबंबू

आणि दुसरी शिष्या अ‍ॅग्नेस निक्सन. तिचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. वडिलांचा शिकागोत प्रेतांना घालायच्या कपड्यांचा धंदा होता आणि मुलीने त्यात यावं ही त्यांची इच्छा. लेखनाचं खूळ डोक्यातून जावं म्हणून त्यांनी तिला इर्नासमोर नेऊन बसवलं, ही मोठी बाई पोरीला चार शब्द सुनावेल या आशेने. इर्नाने तिची संहिता मोठ्याने वाचून काढली आणि विचारलं, माझ्याकडे काम करशील का?

पुढे याच निक्सनने 'गाइडिंग लाइट'मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची गोष्ट आणली, १९६२ च्या सुमारास. अट अशी की कर्करोग आणि गर्भाशय हे दोन्ही शब्द वापरायचे नाहीत. तरी बायकांना कळलं की तपासणी करून घ्यायला हवी.

अर्धवट_माहिती

आपल्याकडे ही अमेरिकन लाट 'हमलोग'ने आणली ना? अशोककुमार शेवटी येऊन बोलायचे ती?

तपशीलबंबू

नाव सार्थ केलंत. :) 'हमलोग' १९८४ चं, पण वाट अमेरिकेची नव्हे, मेक्सिकोची. मिगेल साबिदो यांनी तिथे मालिकांतून कुटुंबनियोजन, साक्षरता वगैरे विषय पोचवायची पद्धत बसवली होती, तिच्यावरून. लिहिलं मनोहर श्याम जोशींनी. अर्थात त्यातही प्रायोजक होताच, मॅगी. दोन मिनिटांत नूडल्स आणि दोन वर्षांत बडकीचं लग्न असं आमच्या घरी म्हणायचे.

चहाची_बशी

इतका वेळ वाचत होते. मला त्या बाईतली विसंगती छळतेय. लग्न केलं नाही. चाळिशीत दोन मुलं दत्तक घेतली, एकटीने वाढवली, १९४१-४३ च्या सुमाराला, म्हणजे विचार करा. ऐन भरात वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आसपास कमावत होती. आणि लिहिलं काय? तर घर, चूल, नवरा, कुटुंब एकत्र राहिलं पाहिजे. स्वतः मुक्त आणि हजारो बायकांना उंबरठ्याच्या आत.

न्यूजर्सीकर_वहिनी

बशीताई, मला ते तितकं सरळ वाटत नाही. मदर मोरन ही तिने आपल्या आईवरून बेतली होती. आई १९३८ मध्ये गेली आणि तिला ती मालिका पुढे चालवणं नको झालं, चांगली चाललेली मालिका तिने बंद केली. काका, ऐकताय ना? हा घ्या शेवट, आणि तो तिनेच ठरवलेला. मालकी तिची होती म्हणूनच ठरवता आला.

खवट_काका

ऐकतोय. एक गुण दिला.

चहाची_बशी

तरी शेवटी घर तिच्यावरच उलटलं की. १९७२ मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' या तिनेच लिहिलेल्या टीव्ही मालिकेत तिने किम नावाचं पात्र आणलं, स्वतःवरून बेतलेलं. ही किम सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यापासून गरोदर राहते. प्रेक्षक खवळले आणि १९७३ मध्ये कंपनीने इर्नालाच काढलं. ही मालिका मुळात प्रॉक्टर अँड गँबलची होती, तिची नव्हे. त्याच डिसेंबरात ती गेली. त्याआधीही १९६७ मध्ये दुसऱ्या एका मालिकेत तिने गोरा आणि आशियाई रक्ताची मुलगी यांचं प्रेम दाखवलं, वाहिनीने ते गुंडाळायला लावलं, तेव्हा ती स्वतःच बाहेर पडली होती. म्हणजे रेघताई, तुमच्या प्रश्नाला तिने आयुष्यात वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

केबलची_तार

'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' म्हणजे तीच ना, जी चालू असताना केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी आली? २२ नोव्हेंबर १९६३. नॅन्सी नावाची आई आजोबांना सांगत असते की मुलाने त्याच्या घटस्फोटित बायकोला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावलंय, आणि मध्येच पडद्यावर पाटी आणि बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉंकाइटचा आवाज. ती फीत नेटवर आहे. अंगावर काटा येतो तो त्या घरगुती गप्पांमुळे.

तपशीलबंबू

ती नॅन्सी म्हणजे हेलन वॅगनर. २ एप्रिल १९५६ च्या पहिल्या भागातलं पहिलं वाक्य तिचं, नवऱ्याला "गुड मॉर्निंग, डिअर". २०१० मध्ये वारली तोपर्यंत तीच भूमिका. गंमत म्हणजे सुरुवातीलाच इर्नाने तिला काढून टाकलं होतं. कारण? हेलनबाई स्वतः सांगायच्या की इर्नाला माझी कॉफी ओतायची पद्धत आवडली नाही. नंतर परत घेतलं.

टिंगलटवाळ

कशी ओतायची म्हणे???

बिनफी_वकील

मूळ प्रश्नावर कुणीतरी या रे.

काकांचं "पगार घेतला, माल मालकाचा" हे आपल्या कायद्यातही जवळपास तसंच आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं लेखन, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. शिकागोच्या कोर्टाने वेगळं काही सांगितलं नाही. पण रेघताई, तुम्ही नोकर आहात का? भाग मोजून पैसे घेत असाल, पीएफ नाही, रजा नाही, तर बहुधा नाही. मग तुमचे हक्क त्यांच्याकडे जातात ते तुम्ही लिहून देता म्हणून. तिथे वाचण्यासारखं बरंच आहे:

हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणूनच ते "कायमचं" आणि "विश्वभर" असं ठासून लिहितात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाला तो लागू होत नाही, त्या माध्यमाचा नेमका उल्लेख असल्याखेरीज. "उद्या निघतील ती सगळी" हा नेमका उल्लेख झाला का, यावर भांडता येतं. शिवाय रॉयल्टीच्या काही हक्कांवर लेखकाला पाणी सोडताच येत नाही, सही केली तरी.

आणि मोरनबाईंचं म्हणाल तर आपल्याकडे आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, १९७८, सर्वोच्च न्यायालय: कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. आयरिश आई कुणाचीही असू शकते. संवाद उचलले तर मात्र अडकाल, मग ते तुम्हीच लिहिलेले का असेनात.

हा सल्ला नव्हे, गप्पा. सल्ल्याला फी पडते.

खवट_काका

वकीलसाहेब, हे आधी सांगायचं. दुकानाच्या भागीदारीचा कागद मी असाच न वाचता सही केला होता. पुढचं सांगत नाही.

जुना_मर्फी

काका, सांगा की.

खवट_काका

उद्या ऐका.

दुपारची_झोप

काकांनी हुक टाकला!!! नळ! नळ!

पाटीवरची_रेघ

हसून हसून पुरेवाट. काका, दंडवत.

अपडेट. वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचून मी कागद परत उघडला आणि निर्मात्याच्या माणसाला फोन केला. दोन मागण्या केल्या: मुदत लिहा, आणि पुढे निघणाऱ्या माध्यमांचं वाक्य काढा. तो आधी हसला. मग म्हणाला, ताई, आजवर कुणी हे पान वाचलंच नव्हतं. मग म्हणाला, चॅनलला विचारतो. आमच्या धंद्यात 'चॅनलला विचारतो' याचा अर्थ नाही असाच असतो, पण या वेळी परवा फोन आला की माध्यमांचं वाक्य काढतो, मुदतीचं जमणार नाही. मी सही केली. इर्नाइतकी हिंमत नाही माझ्यात, घराचा हप्ता आहे. पण एक गोष्ट बाजूला काढून ठेवली आहे, ती त्यांना ऐकवलेली नाही आणि इथेही सांगणार नाही.

उपप्रश्नाबद्दल: आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. इस्त्रीच्या त्रिकोणाशी ती थांबली, म्हणाली, ते परत वाच. लेखन आहे की नाही यावर मात्र बोलली नाही.

आता पळते. उद्याच्या शूटचे सीन रात्री आठपर्यंत पाठवायचे आहेत. सासू पाहुण्यांना चहा ओतते एवढंच लिहून अर्धा तास बसले आहे, तुमच्या त्या हेलनबाईंमुळे.

टिंगलटवाळ

बशीत ओतू दे. उरलेला उद्या.